हक्का आणि हक्क

आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भिंतीवर एक फळा आहे. इडली, वडा, मसाला डोसा, समोसा आणि सगळ्यात खाली 'व्हेज हक्का नूडल्स'. तीन वर्षं मी तो फळा वाचतेय. 'हक्का' म्हणजे काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. शेजवान म्हणजे तिखट, मंचुरियन म्हणजे गोळे आणि हक्का म्हणजे जरा कोरडे नूडल्स, एवढंच आपलं ज्ञान.

माझी रूममेट पहिल्यांदा माझ्याबरोबर कॅन्टीनला आली, तेव्हा फळ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आमच्या समाजाची प्लेट इथं साठ रुपयांना मिळते वाटतं!" मला काही कळलं नाही. मग तिने सांगितलं. हक्का हे एका चिनी समाजाचं नाव आहे. या शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. शेकडो वर्षांपूर्वी हे लोक चीनच्या उत्तर भागातून सरकत सरकत दक्षिणेकडे आले. तिथले आधीचे रहिवासी त्यांना पाहुणे म्हणू लागले आणि तेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. माझी रूममेट हक्का आहे. कोलकात्याच्या टांगरा भागात जन्मलेली, चौथ्या पिढीची भारतीय. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिनेच तशी अट घातलीय. "लेख लिही, पण मला नमुना करू नको," असं ती म्हणाली. तिने असं का म्हटलं, ते पुढे येईलच.

मराठीत 'हक्काचा' हा शब्द आपण किती सहज वापरतो! हक्काचं घर, हक्काचं माणूस, हक्काची सुट्टी. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, त्याचा त्या चिनी शब्दाशी काही संबंध नाही. तरी त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत. एकीकडे 'हक्का' म्हणजे पाहुणा आणि दुसरीकडे 'हक्क'. पाहुणा किती पिढ्यांनी घरचा होतो? आणि ते ठरवायचं कुणी?

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

गेल्या वर्षी आमच्या ट्रॅडिशनल डेच्या कमिटीत मी होते. कोण काय घालणार याची यादी करत होतो. मी उत्साहाने तिला म्हटलं, "तू तो चिनी ड्रेस घाल ना, उंच कॉलरचा, लाल रंगाचा. फोटो मस्त येतील." ती शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात कुणाकडेच तसला ड्रेस नाही. कुठून आणू?" मी म्हटलं, "भाड्याने मिळेल." त्यावर ती काही बोलली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती पांढरी, लाल काठाची बंगाली साडी नेसून आली. फार सुंदर दिसत होती. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ही बंगाली साडी का नेसलीय?"

मी मराठी म्हणून नऊवारी नेसले होते. खरं तर आमच्या घरात नऊवारी फक्त पणजीच्या फोटोत आहे. माझीही भाड्याचीच होती. पण मला कुणी विचारलं नाही, "ही का?" माझा वेश भाड्याचा असूनही खरा ठरला. तिची साडी आईच्या कपाटातली असूनही खोटी ठरली. त्या रात्री ती मला म्हणाली, "तुला माहितीये, मला माझ्या दोन संस्कृतींचा कधीच त्रास होत नाही. त्रास होतो तो दुसऱ्या प्रश्नाचा." मी विचारलं, "दुसरा प्रश्न म्हणजे?" ती म्हणाली, "पहिला प्रश्न असतो, कुठली गं तू? मी सांगते, कोलकात्याची. मग येतो दुसरा. ते ठीक आहे, पण मूळची कुठली?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्याकडे अशा मुलांविषयी बोलताना एक ठरलेलं वाक्य असतं, 'दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी'. माझ्या रूममेटचं रोजचं जगणं बघितलं तर त्यात कात्री कुठे दिसत नाही. तिला तीन नावं आहेत. घरी हाक मारायचं चिनी नाव, शाळेत आणि आधारकार्डावर असलेलं ख्रिस्ती नाव आणि पाड्यातल्या बंगाली काकूंनी ठेवलेलं लाडकं नाव. तिन्ही हाकांना ती 'ओ' देते. आजीशी हक्का बोली, भावाशी बंगाली, माझ्याशी हिंदी. भांडायचं असेल तर बंगाली, हिशेब करायचा असेल तर इंग्रजी. चिनी नववर्षाला मोठ्यांकडून लाल पाकिटात पैसे, पूजेत नवे कपडे, नाताळला केक. टांगरात एक कालीमंदिर आहे, 'चायनीज काली' म्हणून प्रसिद्ध. तिथे देवीच्या प्रसादात नूडल्स असतात. बाहेरून येणारे त्याचे व्हिडिओ काढतात, पण तिथल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही. आपल्याला तरी गणपतीच्या आरतीनंतर मिरची भजी खाताना कुठे वाटतं?

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले होते. भल्या पहाटे उठून आम्ही टिरेटा बाजारला गेलो. उजाडायच्या आत तिथे फुटपाथवर नाश्ता मांडलेला असतो. वाफाळते बन, डंपलिंग, सूप. विकणाऱ्या मावशींची चिनी, गिऱ्हाइकाची बंगाली आणि हमालाची हिंदी एकाच टोपलीभोवती चाललेली असते. आठ-नऊ वाजेपर्यंत सगळं आटोपतं आणि मग तो रस्ता कोलकात्याच्या कुठल्याही रस्त्यासारखा होतो.

या लोकांची तिथली गोष्ट फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टोंग आछ्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. बजबजजवळ हुगळीच्या काठी त्याला जमीन मिळाली, तिथे त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही त्याच्या नावावरून आछिपूर म्हणतात. तिथे त्याची लाल रंगाची समाधी आहे आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक तिथे जाऊन येतात. म्हणजे इथे येऊन त्यांना सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली. पुढे कामाप्रमाणे वस्त्या पडल्या. कँटन भागातले सुतार, हुबेईचे दाताचे डॉक्टर, शानतुंगचे रेशीम विकणारे आणि हक्का लोक चामडं कमावणारे आणि बूट शिवणारे. चामड्याच्या कामाला आपला समाज नाक मुरडत होता. टांगराच्या दलदलीत राहून ते काम या लोकांनी उभं केलं. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कोलकात्याचे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला. मग कुणी बानतलाला गेलं, कुणी धंदा बंद केला, कुणी कारखान्याच्याच जागेत हॉटेल काढलं.

आणि आपलं लाडकं मंचुरियन? त्याचं श्रेय दिलं जातं नेल्सन वँग यांना. कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे. 1975 साली मुंबईत क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची वापरून तो पदार्थ केला, असं सांगतात. म्हणजे मंचुरियन चीनमधून आलेलंच नाही. ते मिसळीइतकंच आपलं आहे.

इथवर सगळं गोड आहे. एवढंच लिहून थांबले असते तर हा लेख 'विविधतेत एकता' सदरात बसला असता. पण दुसऱ्या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो मला विसाव्या वर्षापर्यंत कुणी शिकवला नव्हता.

रूममेटची आजी कोलकात्याची नाही. ती आसाममधल्या माकूमची. तिथे चहाच्या मळ्यांसाठी चिनी कामगार आले, तिथल्या बायकांशी त्यांची लग्नं झाली आणि एक भरलेली वस्ती तयार झाली. 1962च्या ऑक्टोबरमध्ये भारत-चीन युद्ध सुरू झालं. तेव्हा आजी नऊ वर्षांची होती. नोव्हेंबरात पोलीस दारात आले. थोडेच दिवस जायचंय, थोडेच कपडे घ्या, असं सांगितलं. आगगाडीत बसवलं आणि कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर उतरवलं ते राजस्थानात, देवळीच्या छावणीत. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा ठिकाणांहून सुमारे 3000 माणसं अशी तिथे नेली गेली. म्हातारी, गरोदर बायका, तान्ही मुलं. त्यातले दोन हजारांहून अधिक 1963 साली जहाजांनी चीनला पाठवले गेले. त्यातल्या अनेकांनी तो देश कधी पाहिलेलाही नव्हता. शेवटची माणसं छावणीतून सुटली ती 1967 साली. युद्ध महिनाभरात संपलं होतं.

यातल्या एकावरही हेरगिरीचा गुन्हा शाबीत झाला नाही.

हे सगळं कायद्याने झालं, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. 1955च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे तेव्हा 26 जानेवारी 1950 नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय ठरायचं. म्हणजे नऊ वर्षांची ती पोर भारतीयच होती. पण 1962 साली नवा कायदा आला. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी एकजण कधीकाळी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, त्याला परकीयांचे नियम लावता येतील, अशी तरतूद त्यात होती. आजोबा! म्हणजे सरकारने विचारलेला प्रश्न तोच होता, दुसरा प्रश्न. 'ते ठीक आहे, पण मूळची कुठली?'

सुटून आल्यावर आजीच्या घरात दुसरीच माणसं राहत होती. सामान गेलेलं. बरीच वर्षं पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागली. नातेवाइकांच्या आधाराने ती माणसं कोलकात्याला आली. आजीने हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. नात दहावीत असताना इतिहासाच्या पुस्तकात 1962च्या युद्धाचा एक परिच्छेद होता. तो ती मोठ्याने पाठ करत होती, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या वर्षी मी देवळीला होते." बस, एवढंच. पुढचं सगळं हळूहळू, दोन-तीन वर्षांत बाहेर आलं.

कुणी म्हणेल, युद्धाचा काळ होता, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सीमेवर आपले जवान मरत होते, लोक घाबरलेले होते. एखाद्या माणसावर संशय आला तर त्याची चौकशी व्हायलाच हवी. पण चौकशी माणसाची होते, त्याच्या नाकाडोळ्यांची नाही. नऊ वर्षांच्या मुलीची काय चौकशी करणार? अमेरिकेनेही दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना असंच छावण्यांत डांबलं होतं. पण 1988 साली त्या सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. पैशाने काही भरून येत नाही, मान्य. पण 'आमचं चुकलं' हे वाक्य कागदावर आलं. देवळीच्या माणसांना ते वाक्य अजून मिळालेलं नाही. त्यातले कितीतरी जण देश सोडून कॅनडात, टोरांटोला गेले. तिथे 'हक्का' अशी पाटी लावलेली हॉटेलं आहेत आणि त्यांत चिली चिकन मिळतं. पाहुण्यांचे पुन्हा पाहुणे झाले, आणि बरोबर नेलं काय, तर भारताची चव.

आता आजचं बघू. आपण म्हणतो, ते जुनं झालं. 2020 साली माझी रूममेट शाळेत होती. कोरोना आला आणि रस्त्यावरून जाताना तिच्याकडे बघून पोरं 'कोरोना, कोरोना' ओरडू लागली. त्याच सुमारास कोलकात्यातल्या चिनी वंशाच्या एका तरुणाने टी-शर्ट छापून घेतला होता. मी कोरोना नाही, माझा जन्म कोलकात्याचा, मी चीनला कधी गेलेलोही नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. मग 15 जूनला गलवान झालं. आपले 20 जवान शहीद झाले. दुःख सगळ्या देशाचं होतं, टांगराचंही. पण टांगरातल्या लोकांना ते दुःख घरात बसून करता आलं नाही. आम्ही भारतीय सैन्याच्या बाजूचे आहोत, असे फलक हातात धरून त्यांना रस्त्यावर यावं लागलं. एका केंद्रीय मंत्र्यांनी तर चिनी पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी, असं जाहीर आवाहन केलं. मंचुरियनवर बंदी! हसावं की रडावं कळत नाही.

माझ्या बाबांना त्या आठवड्यात कुठलाही फलक धरावा लागला नाही. ते टीव्हीसमोर बसून हळहळले आणि त्यांच्या हळहळण्यावर कुणी शंका घेतली नाही. माझ्या मते नागरिक असणं म्हणजे हेच. आपलं दुःख पुराव्याशिवाय खरं मानलं जाणं.

इथे मी आमच्याविषयी थोडं बोलते. आम्ही हैदराबादचे मराठी. पणजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातून नोकरीसाठी इथे आले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इथेच राहिलो. आमच्या मराठीत 'नक्को' आहे, 'हौ' आहे, तेलुगू हेल आहे. पुण्याच्या मावसभावंडांत मी तोंड उघडलं की हशा पिकतो. "तू मनात हिंदीत विचार करतेस का गं?" असं विचारतात. इथे शेजारी म्हणतात, "तुम्ही महाराष्ट्राचे ना?" तिथे म्हणतात, "तुम्ही आंध्राकडचे ना?" बेळगाव, इंदूर, बडोदा, गोवा इथल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. दुसरा प्रश्न आपल्यालाही येतो.

पण मला एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायची आहे. माझं आणि तिचं सारखं नाही. मी तोंड बंद ठेवलं तर माझं वेगळेपण दिसत नाही. तिला चेहरा बंद ठेवता येत नाही. मला लोक हसतात, पण माझ्या आजीला कुणी आगगाडीत बसवलं नाही. म्हणून 'आम्हीही तुमच्यासारखेच' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपला अनुभव आपल्याला तिचं दुखणं कुठे आहे ते दाखवू शकतो. त्याची खोली त्यातून मोजता येत नाही.

आणि दुसऱ्या बाजूनेही तिच्यावर दाब आहेच, तो लपवून चालणार नाही. तिच्याच समाजातली वडीलधारी मंडळी म्हणतात, लग्न आपल्यातच कर. वस्तीतली माणसं कमी होत चालली, चिनी शाळा बंद पडल्या, आता तुम्ही पोरांनी नाही धरलं तर सगळं संपेल. चीनमधून शिकायला आलेली एक मुलगी तिला एकदा एका परिसंवादात भेटली. तिने हिचं बोलणं ऐकून भुवया उंचावल्या, कारण हिला मँडरिन येत नाही, येते ती आजीची हक्का बोली, तीही शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची. म्हणजे इथे ती पुरेशी भारतीय नाही आणि तिथे पुरेशी चिनी नाही. लोक याला ओळखीचा गोंधळ म्हणतात. मला वाटतं, गोंधळ तिचा नाही. दोन्हीकडच्या परीक्षकांचा आहे. 'एकच असायला हवं' हा नियम ज्यांनी केला, त्यांनी तो सिद्ध करावा.

'ते लोक स्वतःच वेगळे राहतात,' असाही एक आक्षेप ऐकू येतो. आम्ही काय करतो? इथे आमचं मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, वधू-वर मेळावा आहे, आणि हे ई-मासिकही आहेच. आपली बोली, आपलं जेवण जपण्यासाठी चार माणसं एकत्र आली, तर ते देशाकडे पाठ फिरवणं नसतं. आमचं मंडळ संस्कृती जपतं आणि त्यांचं मंडळ मात्र अलग राहतं, असं कसं?

मराठी माणसाला हा प्रश्न समजायला तर एक सोपा रस्ता आहे. माझ्या आजीचं माहेर सोलापूर. सोलापूर म्हटलं की डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली भारताने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. जखमी सैनिकांवर उपचार करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, सोलापुरात त्यांच्या जुन्या घरी स्मारक झालं. हे आपल्याला माहीत असतं. पण त्यांचा मुलगा? त्यांची पत्नी क्वो छिंगलान चिनी परिचारिका होती. वडील गेले तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव ठेवलं होतं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच्या नावातच दोन्ही देश शेजारी शेजारी बसले होते, मध्ये कुठलीही सीमा नव्हती. वडिलांसारखंच तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता. 1967 साली, पंचविशीच्या आसपास, तो गेला.

तारखा जरा जुळवून बघा. 1967. त्याच वर्षी देवळीची छावणी रिकामी झाली.

कोटणीसांना चीनच्या लोकांनी आपलं मानलं, कारण ते तिथे राबले, तिथल्या मातीत गेले. कुणी त्यांचे आजोबा कुठले होते हे विचारलं नाही. याचा आपल्याला आजही अभिमान वाटतो. मग टांगरात चार पिढ्या राबलेल्या, आछिपूरच्या मातीला मिळालेल्या माणसांना आपण तीच मोजपट्टी का लावत नाही? आपल्या माणसाला परक्या देशाने कसं वागवावं याबद्दल आपल्या अपेक्षा फार उंच असतात. तेवढीच उंची आपल्या घराच्या उंबऱ्याला असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

सध्या माझ्या रूममेटसमोर एक निर्णय आहे. तिचा मामा टोरांटोला असतो. शिक्षण संपलं की ये, असं तो म्हणतोय. घरात अर्ध्यांना वाटतं तिने जावं, अर्ध्यांना वाटतं राहावं. आजी काहीच बोलत नाही. मी तिला म्हटलं, "जाऊ नको ना." ती म्हणाली, "मला जायचं नाहीये गं. पण तिथे मी पाहुणी असेन हे मला आधीच माहीत असेल. इथे ते अधूनमधून कुणीतरी आठवण करून देतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. ती गेली, तर तो तिचा वैयक्तिक निर्णय म्हणून आपण सोडून देऊ. पण तिला ढकलणाऱ्या हातांमध्ये ट्रॅडिशनल डेच्या यादीवर फिरणारा माझाही हात होता.

म्हणून काय करायचं? मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात. देवळीबद्दल पाठ्यपुस्तकात चार ओळी याव्यात, हयात असलेल्या माणसांना ते एक वाक्य मिळावं. आपल्या हातातल्या गोष्टी लहान आहेत. रीटा चौधुरी यांची माकूमवरची 'माकाम' ही आसामी कादंबरी आणि जॉय मा व दिलीप डिसोझा यांचं 'द देवलीवालाज' हे 2020 सालचं पुस्तक, ही दोन आपल्या लायब्ररीत यावीत. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. आपल्या मंडळाने त्यावर एक चर्चा ठेवावी. आणि ट्रॅडिशनल डेला कुणी काय घालायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं. यंदाच्या कमिटीत मी नाही, पण हे मी लेखी देतेय.

शेवटी एक प्रसंग सांगते. संक्रांतीला मी तिला घरी घेऊन गेले. आजी लोणच्याची चिनीमातीची बरणी पुसत बसली होती, तिच्या सासूबाईंपासून घरात असलेली. तिने हिला जवळ बसवलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "पोरी, गाव कुठलं गं तुझं?" मी दचकले. आता दुसरा प्रश्न येणार, असं वाटलं. ती म्हणाली, "कोलकाता, आजी. टांगरा." आजी म्हणाली, "अगंबाई, लांब आहे की! आईला एकटीला करमत नसेल. जेवून जा हं, नक्को म्हणायचं नाही." आणि बरणीचं झाकण लावून आत गेली.

दुसरा प्रश्न आलाच नाही. आजी चौथी शिकलेली आहे. आपण तर कॉलेजात आहोत.